न वाकणारे दिवे : गाडीच्या प्रकाशझोताच्या पातळीतील विद्युत्-दोषांचा आढावा

रात्रीच्या वेळी नाशिकहून मुंबईकडे निघालेल्या, मागच्या आसनावर तीन माणसे आणि डिकीत द्राक्षांच्या पेट्या असलेल्या गाडीच्या चालकाला, आपण डिपरवरच आहोत याची पक्की खात्री असूनही कसाऱ्याच्या अलीकडे समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला अप्पर मारून आपल्यावर राग का काढतो आहे, याचा उलगडा सहसा होत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ज्या गॅरेजात तो ही कैफियत घेऊन जातो, तेथेही तो होतोच असे नाही. तेथे बल्ब बदलला जातो, काच पुसली जाते, फार झाले तर स्कॅनर लावून त्यावर उमटलेला कोड वाचला जातो, आणि त्या कोडात ज्या भागाचे नाव असेल तो भाग मागवण्याची दरखास्त मालकापुढे ठेवली जाते. पुढच्या दिव्यांचा झोत भाराप्रमाणे वर-खाली करणारी ही हेडलाइट लेव्हलिंगची यंत्रणा गाडीतील इतर विद्युत्-व्यवस्थांच्या मानाने लहान आणि साधी असूनही, तिच्यातील दोषाचे निदान जितक्या वेळा चुकते तितक्या वेळा दारांच्या काचांच्या किंवा आरशांच्या मोटरींचे चुकताना मी पाहिलेले नाही. काचेची मोटर मिळालेल्या विजेवर फिरते एवढेच. ही यंत्रणा मात्र प्रत्येक क्षणी दोन विद्युत्-दाबांची तुलना करून आपली जागा ठरवते, आणि तुलना करणाऱ्याचा मापदंडच बिघडला तर त्याचे हातपाय धडधाकट असूनही तो चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो.

आधी या यंत्रणेचे प्रयोजन. डिपरच्या झोताला वरच्या बाजूने एक ठळक कड असते, आणि ती कड दर दहा मीटरला साधारणतः दहा सेंटिमीटर, म्हणजे शेकडा एक या प्रमाणात, खाली उतरत जावी अशा बेताने दिवा बसवलेला असतो. दिव्याची उंची पासष्ट सेंटिमीटर धरली तर ती कड पासष्ट मीटरवर रस्त्याला टेकते. आता अडीच मीटर चाकांतर असलेल्या गाडीची मागची बाजू ओझ्याने अवघी पाच सेंटिमीटर दबली, तर सारी गाडी शेकडा दोन या प्रमाणात मागे कलते, शेकडा एक खाली उतरणारी कड शेकडा एक वर चढू लागते, आणि पन्नास मीटरवर ती जमिनीपासून सुमारे एकशे पंधरा सेंटिमीटरवर पोहोचते. समोरून येणाऱ्या लहान गाडीच्या चालकाचे डोळे जवळजवळ त्याच उंचीवर असतात. पाच सेंटिमीटर म्हणजे चार बोटांची रुंदीदेखील नव्हे. कड पुढे वर चढतच राहत असल्याने, अधिक उंचावर बसलेल्या ट्रकवाल्यांचा रागही अनाठायी नव्हता.

हा उपद्रव मोटारविद्येला फार पूर्वीपासून ठाऊक होता. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएनच्या ‘२ सीव्ही’ या शेतकऱ्यांसाठी बनवलेल्या स्वस्त गाडीत दिवे खाली-वर करण्याची मूठ चालकाच्या हाताशी होती, आणि त्याच कारखान्याच्या ‘डीएस’ गाडीत १९६७ साली दिव्यांची पातळी गाडीच्या कलानुसार आपोआप राखण्याची सोय झाली. पण या दोन्ही व्यवस्थांत विजेचा संबंध नव्हता. १९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ‘७’ मालिकेच्या गाडीत झेनॉनचे दिवे आले तेव्हा प्रश्नाची निकड वाढली, कारण एच-७ जातीचा हॅलोजन बल्ब सुमारे १५०० ल्युमेन प्रकाश देतो आणि झेनॉनचा डी-२-एस त्याच्या दुपटीहून जास्त, सुमारे ३२००. युरोपातील विनियम क्रमांक ४८ मध्ये २००० ल्युमेनच्या वरच्या दिव्यांना स्वयंचलित समतोलन सक्तीचे करणारी अट बराच काळ अंमलात होती, आणि कारखानदारांनी नेमके २००० ल्युमेनचे पंचवीस वॅटचे दिवे काढून त्या अटीला शिताफीने बगल दिली, हेही येथे नमूद करावेसे वाटते. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ यांच्या छत्राखाली दिव्यांच्या बसवणीचे मानक एआयएस-००८ हे आहे, आणि ही मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमार्फत प्रसिद्ध होतात. आपल्याकडील बहुतेक साध्या गाड्यांत झोताची पातळी हाताने बदलण्यासाठी चालकाच्या उजव्या गुडघ्याजवळ शून्य ते तीन आकड्यांचे एक दाते असलेले चाक दिसते. त्याचा उपयोग विचारला असता निम्मे मालक ते डॅशबोर्डच्या दिव्यांचे आहे असे सांगतात, आणि ते अनेक वर्षे शून्यावरच राहते.

या चाकाची रचना समजून घेतल्याखेरीज पुढचे निदान केवळ अंदाजपंचे होईल. चाकामागे एक बदलता रोधक असतो आणि तो बॅटरीच्या दाबाचा एक अंश वेगळा काढून एका वायरीवर पाठवतो. प्रत्येक दिव्यामागे एक लहानशी मोटर असते आणि तिच्या कप्लरात तीन वायरी येतात : एक पुरवठ्याची, एक अर्थची, आणि एक चाकाकडून येणाऱ्या हुकुमाची. मोटरीच्या पोटात दातेरी चाकांच्या साखळीबरोबर दुसरा एक रोधक फिरत असतो, जो ‘मी सध्या कोठे आहे’ हे दाबाच्या भाषेत सांगतो. हुकुमाचा अंश आणि जागेचा अंश जुळेपर्यंत मोटर फिरते, जुळले की थांबते. बहुतेक रचनांत सारा पुरवठा डिपरच्या मंडलातून येत असल्याने दिवा बंद ठेवून तपासणी करणाऱ्याला मोटर मेलेलीच आढळते, आणि या एका अज्ञानापायी कित्येक चांगल्या मोटरी भंगारात गेल्या असतील.

म्हणून पहिली चौकशी अत्यंत साधी असावी. डिपर लावावा, गाडी भिंतीपासून आठ-दहा मीटरवर सपाट जागी उभी करावी, एका माणसाने चाक शून्यावरून तीनवर आणि पुन्हा शून्यावर न्यावे, आणि दुसऱ्याने भिंतीवरील दोन्ही कडांकडे पाहावे. दोन्ही बाजू निश्चल असतील तर दोष दोहोंना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे फ्यूज, चाक किंवा हुकुमाच्या मूळ वायरीत शोधावा. एकच बाजू निश्चल असेल तर त्या बाजूची मोटर, तिचा कप्लर किंवा फाट्यापासून पुढची वायर एवढेच आरोपी उरतात. दिव्यामागून मोटरीचा आवाज येतो पण भिंतीवरची कड हलत नाही, असे झाले तर विजेचा मामला तेथेच निकालात निघाला : मोटरीच्या दांड्याचा गोल शेंडा परावर्तकाच्या प्लास्टिकच्या खोबणीतून निसटला आहे. खचलेली मागची स्प्रिंग, तिरका बसलेला बल्ब, किंवा हॅलोजनच्या घरात मालकाने हौसेने कोंबलेला बाजारी एलईडी बल्ब, हे तिघेही समोरच्याला दिपवण्याच्या याच तक्रारीचे सोंग घेऊन येतात, आणि त्यांना मल्टीमीटर लावण्यात अर्थ नाही.

यानंतर मल्टीमीटर हाती घ्यावा. पण त्याच्यावर किती विश्वास ठेवावा याचा मात्र विचार हवा. दिव्याच्या कप्लरमध्ये पावसाळ्याचे पाणी शिरून तांब्यावर हिरवट गंज चढला, अथवा बॉनेटच्या कडेला वारंवार वाकणाऱ्या वायरीतील जवळजवळ सगळ्या तारा आतल्या आत तुटून आवरणात एखाददुसरीच शिल्लक राहिली, तरी कप्लर सोडवून लावलेल्या मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही आणि तेवढ्या नगण्य प्रवाहाला एक तारही राजमार्गासारखी असते. मोटर जोडली की तोच दाब कोसळतो. वायरमन लोकांची जुनी सवय, म्हणजे पाच वॅटचा टेस्ट लॅम्प लावून तो पूर्ण तेजाने पेटतो का हे पाहण्याची, या बाबतीत महागड्या मीटरपेक्षा शहाणी आहे. मात्र ती पुरवठ्याच्या आणि अर्थच्या वायरीपुरतीच वापरावी; संवेदकाच्या किंवा नियंत्रकाच्या सूक्ष्म वायरीवर टेस्ट लॅम्प टेकवणे म्हणजे पोस्टकार्ड तोलायला धान्याचा काटा आणणे होय, आणि त्यात नियंत्रकाचे नुकसान होण्याचा संभव असतो. मीटरनेच पाहायचे असेल तर कप्लर जोडलेला ठेवून, दिवा चालू ठेवून, मागच्या बाजूने टोक आत सरकवून पाहावे.

अर्थच्या दोषाविषयी मात्र जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्याने मला स्वतःलाच एका हिवाळ्यात महिनाभर फिरवले. माझ्या गाडीचा उजवा दिवा डाव्याहून किंचित मंद दिसू लागला होता आणि त्याची कड भिंतीवर डाव्या दिव्याच्या कडेपेक्षा वेगळ्या उंचीवर थांबत असे; शिवाय उजवा इंडिकेटर लावला की त्या इंडिकेटरच्या प्रत्येक मिचकावणीबरोबर ती कड केसभर थरथरे. ज्या गॅरेजात मी गाडी नेली तेथील कारागिराने मोटर सदोष ठरवून बदलली, आणि नवी मोटर बसवल्यावर थरथर जशीच्या तशी राहिली. त्यानंतर, मोटारदुरुस्तीतून निवृत्त झालेल्या माझ्या एका शेजाऱ्यांनी, ज्यांना आमच्या आळीत सगळेजण तात्या म्हणतात, संध्याकाळी येऊन मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या कप्लरमधील अर्थच्या पिनेला लावले. इंजिन बंद, डिपर चालू. मीटरने दोन व्होल्ट दाखवले. मला वाटले हा पुरवठा आहे. तात्या म्हणाले, “अहो, इथे शून्य दिसायला हवा. फार तर एक दशांश.” मग त्यांनी मला इंडिकेटर लावायला सांगितले, आणि मीटरचा आकडा दोनवरून २.६ वर आणि परत दोनवर असा इंडिकेटरच्या तालावर नाचू लागला.

त्याचा खुलासा असा. दिव्याची, इंडिकेटरची आणि लेव्हलिंगच्या मोटरीची अर्थ एकाच स्क्रूखाली गाडीच्या पत्र्याला जोडलेली होती, आणि त्या स्क्रूखाली गंजाने सुमारे अर्ध्या ओमचा रोध निर्माण केला होता. पंचावन्न वॅटचा बल्ब सुमारे चार अँपिअर प्रवाह त्या गंजातून परत पाठवत असल्याने तेथे दोन व्होल्ट अडकून राहत. इंडिकेटर पेटला की त्याच्या प्रवाहाने त्यात आणखी अर्ध्या व्होल्टहून थोडी भर पडे. आता चाकाची अर्थ डॅशबोर्डच्या आत, दुसऱ्या आणि निर्दोष ठिकाणी होती. समजा पुरवठा बारा व्होल्टचा आहे आणि चाकाने सहा व्होल्टचा, म्हणजे अर्ध्या अंशाचा, हुकूम पाठवला आहे. मोटर मात्र आपल्या पायाखालच्या जमिनीपासून मोजते, आणि ती जमीन दोन व्होल्ट वर उचलली गेली आहे. म्हणून तिला पुरवठा दहाचा आणि हुकूम चारचा दिसतो, आणि ती अर्ध्यावर न थांबता चाळीस टक्क्यांवर थांबते. इंडिकेटर पेटताच पुरवठा ९.४ चा आणि हुकूम ३.४ चा भासतो, आणि ती छत्तीस टक्क्यांकडे सरकते. मोटरीने एकदाही आज्ञाभंग केला नव्हता. मराठी गॅरेजांनी इंग्रजी शब्द उचलताना या वायरीला ‘अर्थ’ हे नाव नकळत दिले, पण ते फार सार्थ आहे : ती बिघडली की पलीकडून आलेल्या शब्दाचा अर्थ बदलतो.

हा दोष कोकणपट्टीत, जेथे खाऱ्या हवेने पत्र्याचे स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आणि अपघातानंतर पुढचा पत्रा बदलून रंगवलेल्या गाडीत तर तो गंजाविनाही होतो, कारण रंगारी अर्थच्या स्क्रूखालच्या जागेवरही मन लावून रंग देतो.

आता स्वयंचलित व्यवस्थेकडे वळावे. येथे चाकाची जागा संवेदकाने घेतलेली असते : मागच्या, आणि अधिक महागड्या गाडीत पुढच्याही, चाकाच्या निलंबनाला एक बारीक दांडी जोडलेली असते, आणि गाडी खाली-वर झाली की ती दांडी संवेदकाचा लहानसा दांडा फिरवते. संवेदकाला नियंत्रकाकडून पाच व्होल्ट मिळतात, आणि दांड्याच्या कोनानुसार तो साधारणतः अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंतचे उत्तर परत पाठवतो. दोन्ही टोके मुद्दाम मोकळी सोडलेली असतात. शून्याच्या अगदी जवळचे किंवा पाचाच्या अगदी जवळचे उत्तर आले तर वायर तुटली किंवा कोठेतरी शॉर्ट झाली असे नियंत्रकाला ओळखता यावे, हा त्यातील हेतू. स्कॅनरवर दिसणारा कोड याच ओळखीतून जन्माला येतो, आणि ‘मागील संवेदकाचे मंडल, दाब मर्यादेबाहेर’ अशा धर्तीचा तो मजकूर वाचून संवेदक मागवणारा मनुष्य ‘मंडल’ हा शब्द गाळून वाचत असतो. कोड ज्या स्थितीची नोंद करतो ती पाच व्होल्ट न पोहोचल्याने, अर्थ तुटल्याने, उत्तराची वायर उंदराने कुरतडल्याने किंवा खरोखरच संवेदक बिघडल्याने, अशा चार प्रकारे उद्भवू शकते. त्यामुळे संवेदकाच्या कप्लरवर पाच व्होल्ट आहेत का, अर्थ शाबूत आहे का, आणि दांडी सोडवून दांडा हाताने सावकाश फिरवला असता उत्तराचा दाब न अडखळता चढतो-उतरतो का, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज दुकानात जाऊ नये. पाच व्होल्ट गायब असतील तर आणखी एक युक्ती ध्यानात असावी : अनेक रचनांत हा पुरवठा दोन-तीन संवेदकांत वाटलेला असतो, आणि त्यांतील एकात शॉर्ट झाला की सगळेच उपाशी राहतात; एकेक कप्लर सोडवत जावे, ज्याचा सोडवल्यावर पाच व्होल्ट परत येतील तेथे अपराधी सापडतो.

याहून अवघड प्रकरण म्हणजे कोडच न उमटणारा दोष. दगड लागून संवेदकाची पट्टी वाकली, किंवा दांडीचा प्लास्टिकचा सांधा निखळून ती लोंबकळू लागली, तर संवेदक मधल्याच कोठल्यातरी आकड्यावर, समजा सव्वातीन व्होल्टवर, स्थिर राहतो. तो आकडा कायदेशीर मर्यादेत असल्याने नियंत्रक त्याची साक्ष विनातक्रार ग्राह्य धरतो, आणि गाडी रिकामी असतानाही मागे ओझे आहे असे समजून दिवे नाकाखाली पाडून ठेवतो, अथवा याच्या उलट. अशा वेळी स्कॅनरमधील कोडांचे पान मिटून चालू आकड्यांचे पान उघडावे, दोन माणसांना डिकीच्या कडेवर बसवावे आणि आकडा हलतो का पाहावे. विजेच्या या तपासात गाडीखाली विजेरी घेऊन वाकण्याची ही एकच वेळ येते, आणि ती टाळण्याकडेच बहुतेकांचा कल असतो.

दिव्यामागची मोटरही या व्यवस्थेत वेगळी, पायरी-पायरीने फिरणारी असते : दोन वेटोळी आणि त्यांच्या चार वायरी. तिच्यात बहुधा स्वतःची जागा सांगणारा रोधक नसतो, म्हणून दिवे लागताच नियंत्रक तिला आधी एका टोकापर्यंत नेऊन टेकवतो आणि तेथून पायऱ्या मोजत योग्य जागी आणतो. भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिलेला हा प्रारंभीचा नाच निदानाच्या दृष्टीने फार बोलका असतो. दोन्ही दिवे उतरले आणि पुन्हा चढलेच नाहीत, तर मोटरी, त्यांच्या वायरी आणि नियंत्रकाचा पुरवठा यांना निर्दोष सोडून संशय संवेदकाच्या मंडलावर घ्यावा, कारण संवेदकाचे उत्तर न मिळाल्यास समोरच्याला दिपवण्यापेक्षा दिवे खाली ठेवावेत अशी बहुतेक नियंत्रकांना शिकवण असते. एकच दिवा हलला नाही, तर त्या बाजूच्या मोटरीत किंवा तिच्या चार वायरींत दोष आहे. दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजून तो एकमेकांशी आणि पलीकडच्या मोटरीशी जुळतो का पाहावे. दिवा जागच्या जागी थरथरत राहिला तर दोहोंपैकी एक वेटोळे तुटले असण्याचा संभव फार. दोन्ही दिवे मुळीच हलले नाहीत तर नियंत्रकालाच वीज, अर्थ अथवा ‘दिवे लावले’ ही बातमी पोहोचलेली नाही. अलीकडच्या अनेक एलईडी दिव्यांत हे सर्व संभाषण एका वायरीवरून अंकांच्या रूपाने होते, आणि तेथे मीटरचा उपयोग पुरवठा व अर्थ तपासण्यापुरता राहतो.

दुरुस्तीनंतरचा एक विधी मात्र टाळता येत नाही. नवा संवेदक किंवा नियंत्रक बसवला, अगर निलंबनाचे काम झाले, तर ‘सपाट’ म्हणजे काय हे नियंत्रकाला नव्याने शिकवावे लागते : टायरांत योग्य हवा, गाडी रिकामी, चालकाच्या जागी सुमारे पंचाहत्तर किलोचे वजन, जमीन खरोखर सपाट, आणि मग स्कॅनरमधून मूळ पातळीची नोंद. गॅरेजासमोरच्या उताराच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीत ही नोंद केली जाताना मी पाहिले आहे.

माझ्या गाडीचा तो स्क्रू तात्यांनी काढला, खालचा पत्रा काचकागदाने चकचकीत घासला, स्क्रू परत आवळून वर व्हॅसलीन चोपडले. मीटरवरचे दोन व्होल्ट पाच शतांशावर आले आणि भिंतीवरची थरथर थांबली. गॅरेजातून परत आणलेली जुनी मोटर मी नंतर बॅटरीला जोडून पाहिली. ती आजही चालते, आणि आमच्या कपाटात पडून आहे.